सहलीचं पाकीट मुलांच्या हातात द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नाशिकला राहतो. मुलगा नववीत आहे, त्याला पंधरावं लागलंय. मुलगी सातवीत, तेराव्यात. पुढच्या वर्षी मुलाची दहावी, म्हणून मिस्टरांनी जूनमध्ये ठरवलं की यंदा दर महिन्याला एक सहल करायचीच. त्यांना रविवारचीच सुट्टी असते. 'दहावीनंतर मूल आपलं राहत नाही,' असं ते म्हणतात. जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो, रात्री तीन तास गाड्यांच्या रांगेत अडकलो. जुलैमध्ये पहिन्याला धबधब्यावर गेलो. मी पहाटे चारला उठून पराठे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, मुलांनी हातसुद्धा लावला नाही. मुलीला गाडी लागते, ती दोन्ही वेळा ओकली. मुलगा कानात इअरफोन घालून बसला. मिस्टर वाटेत दिसेल त्या डोंगराकडे बोट दाखवून 'हा गड कोणता, सांग बघू' असं विचारत होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलगा म्हणाला, 'गूगल करा ना.' त्यावरून गाडीत मोठं भांडण झालं, घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. ऑगस्टची सहल रद्द झाली. सासूबाई म्हणतात, 'पोरांना अभ्यास करू द्या, काय भटकंती लावलीय.' सहली बंद कराव्यात, की मुलांना दामटून न्यावं? मुलगा म्हणतो, तुम्ही जा, मी घरी एकटा राहतो. राहू द्यावं का?

– एक आई, नाशिक

प्रिय ताई,

'दहावीनंतर मूल आपलं राहत नाही' हे तुमच्या यजमानांचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझी दोन्ही मुलं आता नोकरीला लागलीत, दिवाळीला चार दिवस घरी येतात. त्यामुळे त्या वाक्यामागची हुरहुर मला चांगली कळते. आठवड्याची एकुलती एक सुट्टी पोरांसाठी बाजूला काढणारा बाप मला मोलाचा वाटतो, आणि हे त्यांना माझ्याकडून जरूर सांगा.

सहली बंद करू नका. दामटूनही नेऊ नका. फक्त 'दर महिन्याला एक' हा आकडा सोडून द्या. नववीच्या मुलाला शाळा आहे, क्लास आहे, चाचण्या आहेत. यजमानांना आठ दिवसांतून एकदा मिळणारी विश्रांती आहे. महिना संपत आला म्हणून घाईघाईने कुठेतरी जायचं, तर सगळेच आधीपासून थकलेले असतात आणि जिथे जातो तिथे गर्दी त्याच रविवारची. आता सप्टेंबर ते मे या नऊ महिन्यांत पाच सहली झाल्या तरी पुष्कळ.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. तुमच्या पत्रात जून-जुलैचं जे वर्णन आहे त्यात मी एकच गोष्ट शोधत होते: यात मुलांनी काय केलं? ठिकाण बाबांनी ठरवलं, तारीख बाबांनी, खाणं तुम्ही, निघायची वेळ तुम्ही दोघांनी. मुलांच्या वाट्याला मागची सीट आली, प्रश्नांची उत्तरं देणं आलं आणि धबधब्यापुढे उभं राहून फोटोत हसणं आलं. सात-आठ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं, त्याला खिडकी मिळाली की झालं. पंधराव्या वर्षी ते पुरत नाही. गणपती मंडळात याच वयाच्या मुलाच्या हातात वर्गणीचं पावतीपुस्तक देतात, शाळेत स्नेहसंमेलनाच्या वेळी मंडपाचं काम सांगतात. आणि घरच्या सहलीत त्याला ऐकू येतं ते 'चल, बस गाडीत'. मग कानात इअरफोन जातात.

मला हे उशिरा उमगलं, तेही एका फसलेल्या बेतामुळे. माझा मुलगा तेव्हा नववीतच होता. आधीच्या दोन सहलींत तो असाच तोंड पाडून बसला होता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळचं ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, ही सगळी तू ठरव. पैसे मोजून त्याच्या हातात दिले. आम्ही दोघांनी मधे बोलायचं नाही असं आपसात ठरवलं. त्याने वहीत रेघा मारून सगळं मांडलं. रविवारी रात्री फर्दापूरला मुक्काम, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ.

सोमवारी सकाळी फर्दापूरच्या फाट्यावर पोचलो. तिथे आपली गाडी लावून पुढच्या चार किलोमीटरसाठी बस घ्यावी लागते. बसच नव्हती. चहावाला म्हणाला, 'आज कुठं निघालात? सोमवारी लेणी बंद.' आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. पोराने नेमके दोन्ही बंद दिवस धरले होते आणि आम्हीही कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. वही मिटून तो गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ह्यांचं तोंड उघडणार एवढ्यात मी हात दाबला. दहा मिनिटं आम्ही नुसता चहा पीत राहिलो. मग तो आपणहून चहावाल्याकडे गेला, बराच वेळ बोलला आणि येऊन म्हणाला, 'वरच्या बाजूने दिसतात म्हणे. लेणापूरवरून रस्ता आहे.'

त्या कड्यावर आम्ही गेलो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला आला असताना लेणी दिसली, ती तिथूनच असं सांगतात. खाली वाघूर नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण, आणि त्या वळणाच्या कड्यात एका ओळीत कोरलेली सगळी लेणी. आत माणूस एकही नाही. माझा मुलगा दगडावर बसून लेण्यांची दारं मोजत होता, चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. मंगळवारी आम्ही आत गेलो तेव्हा आपण कालची कुठली दारं वरून पाहिली होती हे तो बहिणीला सांगत पुढे चालला होता. एक मुक्काम वाढला, त्याचे पैसे त्यानेच बसवले: शेवटच्या रात्रीचं हॉटेलातलं जेवण काढून टाकलं आणि स्टँडवर मिसळ खाऊन आम्ही परतलो. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीआधी तो फोन करून विचारायचा, 'चालू आहे ना?' अजूनही विचारतो.

म्हणून तुम्हाला सांगते, पुढच्या सहलीचं पाकीट मुलांच्या हातात द्या. पाकीट म्हणजे खरोखरचं पाकीट. तीन हजार असोत की दीड हजार, जे परवडेल ते रोख घाला. मोबाइलवरून पैसे देताना किती गेले ते कळत नाही, नोटा मात्र संपताना दिसतात. पेट्रोल, जेवण, चहा, गाईड, प्रवेशशुल्क, सगळं त्यातून. थोरल्याकडे पाकीट, धाकटीकडे हिशेबाची वही. उरलेले पैसे त्यांचे. पहिल्या खेपेला ते नको तिथे खर्च करतील, चारशे रुपये कुरकुरे आणि थंड पेयांवर घालवतील, आणि दुपारी जेवायला पैसे कमी पडतील. पडू द्या. त्या दिवशी वडापाववर भागवा, पण खिशातून गुपचूप भर घालू नका.

ठरवायचं त्यांनी, पण एक गोष्ट तुमच्या हातात राहील आणि ती आधीच स्पष्ट सांगा: जिवाला धोका असेल तिथे आईबाबांचं 'नाही' हे शेवटचं. विशेषतः पावसाळ्यात पाण्याजवळ. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पाणी अचानक वाढलं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा यायला वेळ लागत नाही. पहिन्याला तुम्ही गेलात, सुखरूप आलात, पण पुढच्या वर्षी जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी घरीच भजी करा.

काजव्यांबद्दल एवढंच सांगते की तुमचा मुलगा तिथे वैतागला असेल तर त्याची बाजू खरी होती. मेअखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंतचे थोडे दिवस, त्यातले शनिवार-रविवार, आणि त्या रात्री शेकडो गाड्यांचे दिवे. काजव्याचा नर चमकतो तो मादीला बोलवायला, आणि गाडीच्या उजेडात त्याचं बोलावणं तिला दिसतच नाही. पुन्हा जायचं झालं तर मधल्या वारी जा किंवा जाऊ नका.

पहाटे चारच्या पुऱ्यांविषयी आता. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल तर याचं. अर्धी रात्र जागून केलेला डबा तसाच परत आला की आईच्या मनाला काय होतं ते मला माहीत आहे, मीही अशा पुऱ्या परत आणून दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खाल्ल्या आहेत. पण मुलांनी पुऱ्या नाकारल्या त्या तुम्हाला दुखवायला नव्हे. या वयात मुलांना झोप येतेच उशिरा. रात्री शरीरात झोपेचं जे रसायन तयार होतं ते वयात येताना तास-दोन तास पुढे सरकतं, आणि त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. पाचला उठवून गाडीत घातलेल्या मुलाला सहाला भूक नसते, बोलायची इच्छाही नसते. शिवाय मुलीला गाडी लागते, तिला तेलकट पुरीचा वाससुद्धा नको होतो. तेव्हा आठला निघा. एखादं ठिकाण कमी झालं तर होऊ द्या. मुलीला पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी थोडंसं कोरडं खायला द्या, गाडीत मोबाइलवर वाचायला देऊ नका, आणि घाटात गाडी सावकाश. तुम्ही मागे मुलाशेजारी बसा. आणि डबा मुलांना करू द्या. काकडी-चटणीचं सँडविच, उकडलेली अंडी, दाण्याची चटणी आणि पाव, काय जमेल ते. ते भांडत करतील, ओटा घाण होईल, पण स्वतः केलेला डबा मुलं संपवतात.

मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात भांडण मुलाचं आहे आणि ती नुसती ओकण्यापुरती आली आहे. तेराव्या वर्षीची मुलगी सहलीला का नको म्हणते ते ती बापासमोर आणि भावासमोर कधीच सांगणार नाही. पाळी सुरू झाली असेल, किंवा होईल या धास्तीत असेल. गडावर बाथरूम नसतं, रस्त्यातली हॉटेलं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही एकदा पाचनईकडून हरिश्चंद्रगड चढत होतो. माझी लेक सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हती. मला वाटलं, बाटलीचं ओझं नको म्हणून असेल. दुपारी वर देवळाजवळ पोचलो आणि ती डोळे पांढरे करून खाली बसली. साखर-मीठ-पाणी पाजलं, सावलीत निजवलं, तासाभराने मला कानात म्हणाली, 'लघवीला जायला लागू नये म्हणून नव्हते पीत.' मी आई असून मला हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून तारीख ठरवण्याआधी तिला वेगळं विचारायचं, आणि तिने 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं की घरात फक्त 'तारीख बदलली' एवढंच सांगायचं, कारण विचारायची कुणाला मुभा नाही. सॅकमध्ये तिची स्वतःची छोटी पिशवी: पॅड, जुनी वर्तमानपत्रं, जादा पँट, पाण्याची वेगळी बाटली आणि आडोसा धरायला एक गडद ओढणी. वाटेतला स्वच्छ पेट्रोलपंप कुठे आहे ते आधी बघून तिला सांगा. मुलीचा अर्धा त्रास एवढ्याने हलका होतो.

फोटोंचंही तसंच. मुरमं आलेली असतात, आवाज फुटलेला असतो, दातांना तारा असतात. आपण हौसेने फोटो काढतो, गाडी घाट उतरायच्या आत तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो आणि कुणीतरी मावशी लिहिते, 'अगं बाई, किती काळवंडला!' ते पोरगं वाचतं. त्याला विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचा नाही, हा नियम तुम्ही दोघांनी पाळा. मोबाइलबद्दल मुलांना काही सांगायचं असेल तर ते त्यानंतरच सांगता येईल. मी तर मोबाइल काढून घ्या असं म्हणणार नाही. रस्ता बघणं आणि गाडीतली गाणी हे खातं थोरल्याकडे द्या. त्याची गाणी तुम्हाला कर्कश वाटतील. जाताना त्याची, येताना तुमची.

आता पुढचं तुमच्या यजमानांसाठी आहे, त्यांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही गडाचं नाव विचारता ते प्रेमापोटी. तुम्हाला त्या डोंगरांचं वेड आहे आणि ते वेड मुलाला लागावं असं वाटतं. पण मुलाला दिवसभर शाळेत आणि क्लासमध्ये कुणी ना कुणी प्रश्नच विचारत असतं. रविवारी बापानेही विचारले की त्याला ती आणखी एक परीक्षा वाटते. 'गूगल करा ना' हे उद्धट होतं, ते त्याला कळलंही असेल. पण त्यावर घरी येईपर्यंत अबोला ही शिक्षा सगळ्यांना झाली. तुम्ही विचारू नका, सांगा. तेही लढाईचं साल सांगू नका. आपण पहिल्यांदा गड चढलो तेव्हा किती वर्षांचे होतो, कुणाबरोबर गेलो, घरी सांगून गेलो की न सांगता, वाटेत कोण रडलं, ते सांगा. तुमच्याच जिल्ह्यात बागलाणात साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याला मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून युनेस्कोने जे बारा किल्ले घेतले त्यात तो आहे. हे तुम्हाला तोंडपाठ असणार. तुमचा मुलगाही हे मोबाइलवर दोन मिनिटांत वाचेल. त्याला तिथे न्या, साल्हेर आणि शेजारचा सालोटा गड यांच्या मधल्या खिंडीत बसवा, आणि गप्प राहा. कधी ना कधी तोच विचारेल, 'बाबा, घोडे कुठून आले असतील?' तेव्हा बोला, पोटभर बोला.

आणि गाडीतून उतरल्यावर थोडं मुलांच्या मागे चाला. या वयाची मुलं समोर बसवून विचारलं तर काही सांगत नाहीत, एकाच दिशेला चालताना मात्र सांगतात. आम्ही कळसूबाई उतरत होतो. माझे गुडघे बोलत होते, शिड्यांवर गर्दी होती, लेक माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर. मागे न बघता म्हणाली, 'आई, मला सायन्स नाही घ्यायचं.' खालच्या बारी गावात पोचेपर्यंत आम्ही त्यावरच बोललो. घरी जेवणाच्या टेबलावर ती हे बोलायला धजली नसती.

कुठे जायचं ते मुलांनी ठरवायचं, पण निवडायला काहीतरी समोर हवं म्हणून तुमच्या आसपासचं सुचवते. कळसूबाई तुम्हाला घोटीवरून जवळ आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरला की तिच्या सोंडेवर पिवळी सोनकी फुललेली असते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि लोखंडी शिड्यांमुळे अवघड जागा सोप्या झाल्या आहेत. आदल्या रात्री बारीत एखाद्या घरी मुक्काम करा म्हणजे पहाटेचा प्रवास टळेल. रविवारी गर्दी असते, तेव्हा शक्य तर शाळेला सुट्टी असलेला दुसरा एखादा वार धरा, यजमानांनी एक रजा टाकावी. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांचा मोह मुलाला होईल, सगळ्यांच्या मोबाइलवर त्याच पायऱ्या असतात. कोरड्या ऋतूत आणि गर्दी नसलेल्या दिवशीच, आणि आधी चौकशी करून.

दमवणारी सहल नको असेल तेव्हा नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा बंधारा. पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, आणि तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. डिसेंबर-जानेवारीत चापडगावच्या बाजूने जा. चक्रवाक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी हमखास, नशीब असेल तर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. धाकटीच्या हाती दुर्बीण द्या, यादी तिनेच करायची. गाडी लागणाऱ्या मुलीला सपाट रस्त्याची ही सहल सोसेल, आणि या सहलीची कप्तान तीच होऊ द्या.

एक सहल लांबची करा. माझं मत विचाराल तर वेळास. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलतात, तेव्हा वाळूतून तळहातापेक्षा लहान पिल्लू डोकं काढतं आणि समुद्राकडे निघतं. वाटेत थांबतं, लाट त्याला मागे ढकलते, ते पुन्हा निघतं. दोरीच्या मागे उभी राहिलेली मोठमोठी मुलं तेव्हा श्वास धरून बघत असतात. कधी टोपलीखाली एकही पिल्लू नसतं. मग संध्याकाळी पुन्हा यायचं, तोवर गावात घरी उतरलेलो असतो तिथल्या काकूंना नारळ खवून द्यायचा. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असेल तर मार्चच्या सुरुवातीचे तीन दिवस काढा. राहायची सोय आधी फोनवर ठरवून ठेवायला थोरल्याला सांगा.

एखाद्या सहलीला त्याच्या मित्राला न्या. मित्राच्या घरच्यांशी तुम्ही स्वतः बोला. मित्र असला की मुलगा आपल्याशी कमी बोलेल, हे खरं. पण तो मित्राशी काय बोलतो, कशावर हसतो ते तुमच्या कानावर पडेल, आणि तुमचा मुलगा बाहेर कसा असतो ते तुम्हाला पहिल्यांदा दिसेल.

सासूबाईंचा राग मला अभ्यासाचा कमी आणि घरी एकटं पडण्याचा जास्त वाटतो. पत्रात त्या कुठल्याच सहलीला आलेल्या दिसल्या नाहीत. नाशिकहून सप्तशृंगगडाला थेट एसटी मिळते, वर पायऱ्या नको असतील तर ट्रॉली आहे. आजीला घेऊन जायचं काम नातवाला द्या. दोघांनीच जायचं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर आजी फुकट, पण सवलतीसाठी ओळखपत्र लागतं, ते बरोबर घ्यायची आठवणही त्यानेच ठेवायची. आजीचा हात धरून गर्दीतून जागा मिळवणं, तिला उलटी-चक्कर आली तर बघणं, ओटीचं सामान, प्रसाद, परतीची गाडी. ही पाचांतली एक सहल धरा.

दहावीचं म्हणाल तर नववीचे बरेच महिने अजून हातात आहेत. क्लासवाले मे महिन्यातच सुट्टीची बॅच सुरू करतात. तिथे आत्ताच विचारून ठेवा की कोणते आठ दिवस मोकळे आहेत. ते मिळाले तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा पास काढा आणि गाडी घरी ठेवा. बापाला गाडी चालवावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. थकलेला चालक आणि चिडलेला बाप एकाच माणसात असतात तेव्हा भांडणं होतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला घरी एकटं राहू द्यावं का. एक दिवसाची सहल असेल तर हो. शेजारी सांगून ठेवा, गॅसचा कॉक दाखवा, कुकर लावून जाऊ नका, तो लावायला त्याला शिकवून जा. दर अर्ध्या तासाला फोन करू नका, दुपारी एक पुरे. आणि संध्याकाळी परत आल्यावर 'तू किती छान गोष्टीला मुकलास' म्हणून फोटो दाखवत बसू नका. येताना त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं काहीतरी खायला आणा, त्याने केलेला भात कसा झाला ते विचारा, आणि पुढच्या सहलीचं पाकीट त्याच्या टेबलावर ठेवा.

तुमची,
ताई